पाहुणा कोणत्या खुर्चीवर बसतो?

पाश्चात्त्य संगीतातला एक कार्यक्रमप्रकार आता जगभर रूढ झाला आहे. एखाद्या कॉन्झर्व्हेटरीत नामवंत व्हायोलिनवादक चार-आठ दिवसांसाठी पाहुणा म्हणून येतो, विद्यार्थ्यांबरोबर तालमी करतो आणि अखेरीस त्यांच्यासोबत चेंबर म्युझिकची मैफल करतो. नंतर छापून येणाऱ्या परीक्षणाचा साचाही ठरलेला असतो. तीन परिच्छेद पाहुण्याच्या स्वराबद्दल आणि शेवटी एक वाक्य : ‘विद्यार्थ्यांनी समर्थ साथ दिली.’ या लेखात मला त्या एका वाक्याशी भांडायचे आहे. ‘साथ’ हा शब्द तेथे लागू पडत नाही. तो का लागू पडत नाही हे समजले, तर अशी मैफल कशी ऐकावी आणि कशी तोलावी हेही समजते.

आपल्याला तो शब्द सहज सुचतो, याला कारण आहे. आपल्या मैफलीत शिष्य गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसतो. गुरू श्वास घेण्यासाठी थांबला की सूर धरून ठेवतो, क्वचित इशारा मिळाला की एखादी तान घेऊन पुन्हा मागे सरतो. ही बैठक हेच एक शिक्षण आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र तेथे राग एकच गायक मांडत असतो. शिष्य गप्प राहिला तर मैफल थोडी उणी होईल, पण राग अपुरा राहणार नाही.

चेंबर म्युझिकची घडण निराळी. येथे प्रत्येक ओळीला एकच वादक असतो आणि समोर संचालक नसतो. दुसऱ्या व्हायोलावाल्याचा एक स्वर चुकला, तर त्या स्वरसंघातला तेवढा दगड निखळतो. तो दुसऱ्या कोणाच्या हातात नसतोच. म्हणजे विद्यार्थी येथे साथीदार नसतो, भागीदार असतो. पाहुणा कितीही मोठा असला तरी विद्यार्थ्याच्या वाट्याचे तो वाजवू शकत नाही.

हे तपासून पाहायला फेलिक्स मेंडेल्सोनच्या ‘ऑक्टेट’इतकी चांगली रचना नाही. चार व्हायोलिन, दोन व्हायोला आणि दोन चेलो अशा आठ वाद्यांची ही रचना पाहुणा आणि विद्यार्थी यांच्या मैफलींत वारंवार निवडली जाते. एक पाहुणा आणि सात विद्यार्थी एवढ्यावर ती उभी राहते, हे त्याचे व्यावहारिक कारण. पण तिच्या जन्मातच गुरुशिष्यांचे नाते आहे. १८२५ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मेंडेल्सोनने ती पुरी केली आणि आपला व्हायोलिनशिक्षक एदुआर्द रिट्झ याला वाढदिवसाची भेट म्हणून दिली. रिट्झ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. शिष्याने गुरूसाठी लिहिले, म्हणून पहिल्या व्हायोलिनची ओळ जवळजवळ कन्चेर्तोच्या तोलाची झाली. आरंभीच ते व्हायोलिन खालच्या स्वरांतून उसळून तारेच्या टोकापर्यंत चढते आणि बाकीचे सात जण खाली थरथरते स्वर धरून असतात. येथवर ‘समर्थ साथ’ म्हणणारा परीक्षक बरोबर वाटेल.

पण रचना येथे थांबत नाही. सर्व वाद्यांनी ही रचना सिम्फनीच्या वृत्तीने वाजवावी आणि मंद व जोरकस यांतला फरक नेहमीपेक्षा काटेकोरपणे पाळावा, अशी सूचना मेंडेल्सोनने स्वरलिपीवर लिहून ठेवली आहे. ती आठही जणांना आहे. दुसऱ्या भागाची सुरुवात खालची वाद्ये करतात. व्हायोलिने नंतर उत्तर देतात. तिसरा भाग, प्रसिद्ध स्केर्झो, आरंभापासून अखेरपर्यंत दबक्या आवाजात आणि तुटक, हलक्या स्वरांत धावतो. तेथे एकाच्या गजाला किंचित अधिक वजन आले की सगळी जादू विस्कटते. मोठ्या सभागृहात एकट्याने ऑर्केस्ट्रावर मात करण्याची सवय असलेल्या पाहुण्याला हा भाग विद्यार्थ्यांइतकाच कठीण जातो. चौथा भाग तर सरळ उलट टोकाने सुरू होतो. दुसरा चेलो, म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या दृष्टीने सर्वांत खालची खुर्ची, तळातून घाईघाईचा विषय मांडतो. एकेक वाद्य तो उचलत वर चढते आणि पहिल्या व्हायोलिनकडे तो सर्वांत शेवटी पोहोचतो. गुरूला भेट देताना त्या मुलाने गुरूला रांगेत शेवटी उभे केले, आणि याने गुरूचा अपमान झाला असे कोणाला वाटले नाही.

लुई श्पोर याने त्याआधी ‘दुहेरी क्वार्टेट’ लिहिले होते. त्यांतही वाद्ये आठच, पण दोन चौकड्या समोरासमोर बसून आळीपाळीने बोलतात. मेंडेल्सोनने आठ जणांचे एकच कुटुंब केले. आपली कल्पना आणि ही कल्पना वेगळी आहे, हे स्वतः श्पोरनेही नोंदवले आहे. माझ्या मते पाहुण्याच्या मैफलीला हाच निकष लावावा. व्यासपीठावर दोन गट दिसतात की एक कुटुंब?

मी वादक नाही. स्वरलिपी वाचायला छापील प्रती आणि ध्वनिमुद्रणे समोर ठेवून शिकलो. एका वेळी एकाच वाद्याची ओळ बोटाने गिरवत संपूर्ण रचना ऐकायची, अशी माझी पद्धत आहे. ऑक्टेट त्यामुळे आठ वेळा ऐकावे लागते. दुसऱ्या व्हायोलाच्या ओळीने ऐकले की वाद्यवृंदाचे खरे आरोग्य कळते. ती ओळ क्वचितच मिरवते, पण बहुतेक वेळ काळ तीच मोजत असते. मेंडेल्सोन स्वतः लाइपझिगला ही रचना वाजवली जाताना व्हायोला घेऊन बसत असे. संगीतकार मधल्या खुर्चीवर बसतो, याचा अर्थ ती खुर्ची दुय्यम नव्हती एवढाच होतो. त्याच शहरात १८४३ मध्ये बारा वर्षांचा योझेफ योआखिम आला. कॉन्झर्व्हेटरी त्याच वर्षी सुरू झाली होती. पण मेंडेल्सोनने त्याला नुसते वर्गात बसवण्याऐवजी त्याच्याबरोबर वाजवणे पसंत केले.

या विचाराला विसाव्या शतकात संस्थेचे रूप मिळाले ते अमेरिकेतील व्हर्मांट राज्यातल्या मार्लबरो येथे. १९५१ मध्ये रुडॉल्फ सेर्किन, आडोल्फ बुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उन्हाळी संगीतमेळा सुरू केला. ज्येष्ठ आणि तरुण एकाच चमूत वाजवतात. रचना आठवडेच्या आठवडे घोटल्या जातात आणि घोटलेल्यांपैकी थोड्याच श्रोत्यांपुढे येतात. तेथील ऑक्टेटचे १९६० च्या दशकातले एक ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे. त्यात पहिले व्हायोलिन हाइमे लारेदो वाजवतो, जन्म १९४१. दुसरे अलेक्झांडर श्नायडर, जन्म १९०८. बुडापेस्ट क्वार्टेटचा हा जगप्रसिद्ध वादक तेहतीस वर्षांनी लहान असलेल्या मुलाच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसला.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. मार्लबरोत निवडून आलेले तरुण हे कसलेले वादक असतात आणि त्यांच्याजवळ आठवडे असतात. नेहमीच्या पाहुण्याजवळ दिवस असतात. अशा वेळी पाहुण्याने पहिली खुर्ची घेतली, तर तो नुसत्या श्वासाने आणि गजाच्या हालचालीने सर्वांना एकत्र आणू शकतो. शिवाय महिनाभराच्या व्याख्यानांपेक्षा मोठ्या वादकाच्या खांद्याला खांदा लावून वाजवलेली एक संध्याकाळ विद्यार्थ्याला जास्त देते. आपली तालीमही हेच सांगते. हे सारे मला मान्य आहे. मात्र विद्यार्थी त्यातून अनुसरायला शिकतो. पुढाकार घ्यायला, म्हणजे चौथ्या भागात चेलोने स्वतः वेग ठरवून सुरुवात करायला, तो तेव्हाच शिकतो जेव्हा पाहुणा थोडा मागे सरतो. म्हणून एका कार्यक्रमात दोन रचना असतील, तर एकीत पाहुण्याने पहिली आणि दुसरीत मधली खुर्ची घ्यावी, ही मागणी अवाजवी नाही.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा नाही. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले. त्यातले अनेक जण मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. प्यारेलाल त्यांचे शिष्य. पण स्टुडिओत अनेक व्हायोलिने एकच ओळ वाजवतात. तेथे वादक ताफ्यात सामावतो. एका ओळीला एक वादक ही जबाबदारी तेथे क्वचित येते. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पुढे क्वार्टेटही जमवले. नंतर ते अमेरिकेत गेले आणि १९६४ पासून लॉस एंजेलिसच्या तरुण वादकांना त्यांनी तीसहून अधिक वर्षे घडवले. ती परंपरा मुंबईत अखंड राहिली असती तर आज आपल्याजवळ या संगीताची मराठी परिभाषाही असती. २००६ मध्ये एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, त्याला जोडून मुलांचे शिक्षणही आले. पाहुणे येतील, विद्यार्थी त्यांच्या शेजारी बसतील आणि कोणीतरी मराठीत त्यावर लिहील.

त्या लिहिणाऱ्याने पाहुण्याचा स्वर जरूर वर्णावा. पण त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पाहुणा कोणत्या खुर्चीवर बसला? मंद जागी त्याने आपला आवाज मुलांच्या आवाजाएवढा केला, की मुलांनी त्याच्यासाठी आपला आणखी दाबला? आणि ज्या ठिकाणी विषय दुसऱ्याच्या हाती जातो, तेथे पाहुण्याची नजर त्या वादकाकडे वळली का? या तिन्हींची उत्तरे लिहिली, तर शेवटच्या वाक्यात विद्यार्थ्यांची नावे आपोआप येतील, कारण कोणी काय वाजवले हे त्यांच्याशिवाय सांगताच येणार नाही.