‘लाड’ आडनावाची व्युत्पत्ती आणि कारंज्याची साक्ष

वाशीम जिल्ह्यातील कारंजा या गावाच्या नावापुढे ‘लाड’ हे पद जोडले जाते. लाड मंडळींच्या वस्तीवरून गावास ते मिळाले, असा त्याचा परंपरागत अर्थ आहे. हे आडनाव लाटदेशाचे, म्हणजे दक्षिण गुजरातचे, स्मारक असून ते धारण करणारी सर्व कुटुंबे तेथूनच आली, असे मत ज्ञातिवृत्तांतून वारंवार मांडले जाते. या मताचा पूर्वार्ध सबळ आहे. उत्तरार्ध मात्र तपासून पाहिला पाहिजे.

ध्वनिदृष्ट्या ‘लाट’ पासून ‘लाड’ होण्यास कोणतीच अडचण नाही. स्वरांमधील टकाराचा प्राकृतात डकार होतो. वट-वड, घट-घडा, कपाट-कवाड ही मराठीतील उदाहरणे सर्वपरिचित आहेत. कौतुकवाचक ‘लाड’ हा शब्द लड् धातूशी संबद्ध, म्हणून निराळा होय. दोन्ही शब्दांचे रूप एक झाल्यामुळेच ‘लाडके म्हणून लाड’ ही लोकव्युत्पत्ती संभवली. ती त्याज्य मानावी.

लाटदेशातून लोक बाहेर पडत, यास उत्तम पुरावा मंदसोरच्या शिलालेखाचा आहे. लाटातील रेशीम विणणाऱ्यांची श्रेणी दशपुरास येऊन स्थिरावली, तिने इ. स. 436 मध्ये सूर्यमंदिर उभारले व 473 मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. या श्रेणीतील काहींनी पुढे धनुर्विद्या, ज्योतिष इत्यादी निराळे व्यवसाय पत्करले, असेही तो लेख सांगतो. लाड वाणी, लाड सोनार, लाड वंजारी अशी भिन्न व्यवसायांची नावे एकाच देशनामाने कशी अंकित होतात, हे यावरून समजते. नाव एक असले तरी रक्तसंबंध एक असलाच पाहिजे असे नाही.

येथे आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. देशवाचक आडनाव मूळ देशात रूढ होत नाही; ते परक्या मुलखात शेजारी देतात. फ्रान्समधील ‘लांग्ल्वा’ म्हणजे इंग्रज आणि ‘लालमां’ म्हणजे जर्मन, ही आडनावे याच रीतीची. मराठीतील कानडे, तेलंग, द्रविड, गुर्जर हीही तशीच. म्हणून ‘लाड’ हे नाव प्रथम लाटाबाहेर, तेथील माणसाला परका म्हणून ओळखणाऱ्या समाजात रुजले असले पाहिजे. ते स्थलांतराच्या आरंभाची नव्हे, तर मुक्कामाची साक्ष देते.

प्राचीन वाशीम म्हणजे वत्सगुल्म. तेथील वाकाटक शाखेच्या हरिषेणाच्या काळातील अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखात कुंतल, अवंती, कलिंग इत्यादींबरोबर लाटाचाही उल्लेख आहे. तथापि ते पद्य त्रुटित असून त्यावरून फार तर राजकीय संबंध सिद्ध होतो. वस्तीचे स्थलांतर नव्हे. अजिंठ्याच्या लेखांचे एकोणिसाव्या शतकात वाचन करणारे डॉ. भाऊ दाजी हे स्वतः लाड आडनावाचे होते. पण ते गोमंतकात जन्मलेले सारस्वत. कारंज्याच्या लाडांशी त्यांचे कूळ केवळ नामसाम्यावरून जोडता येणार नाही.

साहित्यशास्त्रानेही हाच विवेक शिकविला आहे. रुद्रटाने ‘लाटीया’ रीती सांगितली, राजशेखराने काव्यपुरुषाचा विवाह वत्सगुल्मात लावला, आणि वत्सगुल्मावरून वैदर्भी रीतीस ‘वच्छोमी’ हे नाव मिळाले. तरी लाटीया रीतीत लिहिणारा प्रत्येक कवी लाटाचा किंवा वैदर्भी रीतीचा प्रत्येक कवी विदर्भातील, असे कोणी म्हणत नाही. स्थलनाम प्रथम उगम दाखविते. पुढे ते वर्गाची खूण होते व अखेरीस नुसते नाव उरते.

आडनावांचा संग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : शब्द कोठून आला आणि माणसे कोठून आली. पहिल्याचे उत्तर ध्वनिनियम देतात. दुसऱ्यासाठी दानपत्रे, वंशावळी, कुलदैवते आणि घरगुती बोली यांची स्वतंत्र साक्ष हवी. ती न घेता शब्दाच्या बळावर एखाद्या कुटुंबास परदेशस्थ ठरविणे हे भाषाशास्त्र नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदलेल्या माणसांवर तो अन्यायही आहे.