कढीपत्त्यावरची अळी आणि कॅमेऱ्याचा डोळा

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो तेव्हा थंडीची नुसती चाहूल लागलेली असते. फराळाचे डबे रिकामे होईतो ती अंगात येते, संक्रांतीनंतर पाय काढता घेते आणि होळीच्या सुमारास निघून जाते. ह्या चार महिन्यांत आपल्या परसात, गॅलरीतल्या कुंड्यांत, शाळेच्या कुंपणावर जी उलथापालथ होते ती पूर्वी एखादा कवी नाही तर एखादा रिकामटेकडा पाहत असे. आता घरातल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आजोबा बुलबुलाचे घरटे टिपतात, नात फुलपाखरू टिपते, आणि दिवेलागणीपर्यंत ते साऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचलेले असते. कौतुकाचे अंगठे उमटतात नि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात.

पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात. ह्या घरगुती निसर्गपटांची कोणी करत नाही. वास्तविक आपली मुले आज निसर्ग पाहतात तो मुख्यतः ह्यांतूनच. तेव्हा चांगला निसर्गपट कोणता नि वाईट कोणता, हे ठरवायला काही माप असावे की नाही? मी कादंबऱ्या लिहितो नि पोटासाठी शाळेत शिकवतो, पक्षिशास्त्रज्ञ नव्हे. पण सांगितलेली गोष्ट खरी की बेतलेली, हे ओळखायची सवय ह्या दोन्ही धंद्यांत लागते. तिच्या जोरावर हा प्रयत्न.

मी राहतो वाशीच्या एपीएमसी मार्केटच्या पाठीमागे. मुंबईच्या दाटीतले घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत येथे हलले. कांदा-बटाटा, भाजी, फळे, मसाला आणि दाणा असे हे पाच बाजार. येथे ऋतू आधी पेटीतून कळतो. थंडीत मटाराची पोती नि स्ट्रॉबेरीचे खोके, मग द्राक्षे, आणि माघ लागला की कुठल्याशा गाळ्यावर पेंढ्यात निजलेल्या हापूसची पहिली पेटी फुटते. आसपास झाडेही आहेत, सोसायट्यांच्या बागा आहेत, आमच्या शाळेमागे कढीपत्ता, जास्वंद नि पपई यांची चिमुकली परसबाग आहे. दाण्याच्या आशेने चिमण्या येतात, वर घारी घिरट्या घालतात, थंडीचा पाहुणा धोबी शेपूट हलवत ट्रकच्या चाकांमधून हिंडतो. फाल्गुन जवळ आला की हा धोबी एक दिवस दिसेनासा होतो आणि तांबटाची टुकटुक वाढते.

ह्या परिसरात गेल्या काही हिवाळ्यांत आमच्या विद्यार्थ्यांनी नि शेजाऱ्यांनी घेतलेल्या पुष्कळ चित्रफिती मी पाहिल्या. बहुतेकींत एक गोष्ट समान आहे : बाजार दिसत नाही. ट्रक कापला आहे, भिंत कापली आहे, हमालांचा पुकारा पुसून त्या जागी बासरी घातली आहे. तुर्भ्याच्या नाक्यावरचा पक्षी जणू सह्याद्रीच्या घनदाट रानात बसला आहे! दुसरी गोष्ट अशी, की प्रत्येक चित्रफितीत काहीतरी 'घडते'. जांभळ्या शिंजिराचा नर घ्या. पावसाळा संपल्यावर तो आपला झगझगीत वेष उतरवून ठेवतो. मादीसारखा मळकट पिवळा दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा राहतो. थंडी सरता सरता तो पुन्हा नटू लागतो. आज खांद्यावर एक निळा ठिपका, आठवड्याने पाठीवर चार, मध्यंतरी तर तो ठिगळे लावलेल्या गोधडीसारखा दिसतो. हिवाळ्यातून वसंतात जाणे म्हणजे काय, हे त्या गोधडीइतके कोणी सांगत नाही. पण ती गोधडी कोणी टिपत नाही. टिपतात तो नटून तयार झालेला, उन्हात चमकणारा नर. म्हणजे वसंत टिपला, वसंताचे येणे निसटले.

मराठी वाचकाला ह्याचे माप शोधायला दूर जायला नको. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. बारा महिन्यांचे हे ललितलेख. त्यांत वाघ-सिंहांचा थरार नाही, आहे ती ओळखीच्या झाडांची पालवी, फुले, पाखरे, आभाळ. 'वसंतहृदय चैत्र' हा त्यातला लेख कित्येकांनी शाळेत अभ्यासला असेल. दुर्गाबाईंची शक्ती अशी, की महिना ही त्यांना तारखांची पेटी वाटत नाही. एक महिना दुसऱ्यात कसा मिसळतो, गळते पान नि फुटते पान एकाच फांदीवर कसे नांदतात, ह्यावर त्यांची नजर स्थिरावते. माझी एक तक्रारही आहे. बाई मोठ्या व्यासंगी. लोकसाहित्य नि संस्कृत काव्य त्यांच्या ओठांवर. कधी कधी ते पांडित्य झाडाच्या आणि आपल्या मध्ये येऊन उभे राहते. पण झाड पुन्हा दिसू लागते तेव्हा ते बदललेले असते, हेही खरे. काळ शब्दांतून वाहत राहतो.

कॅमेऱ्याला हे साधते का? फ्रान्समध्ये क्लोद नुरिदसानी आणि मारी पेरेनू ह्यांनी १९९६ साली 'मायक्रोकॉस्मॉस' काढला. एका कुरणातले किडे, गोगलगाई, मुंग्या. निवेदन जवळजवळ नाहीच. शेणकिडा आपली गोळी ढकलत नेतो, ती काट्यात रुतते नि तो ती सोडवण्यासाठी जी धडपड करतो ती पाहताना आमच्या वर्गातल्या मुलांनी श्वास रोखून धरले होते. पायाखालच्या गवताला नाट्यगृहाची उंची देणारा असा चित्रपट मी दुसरा पाहिला नाही. तरीही एक शंका उरते. चित्रीकरण चालले होते तीन वर्षे. पडद्यावर मात्र ते सकाळपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतच्या एका दिवसासारखे गुंफले आहे. पाहणाऱ्याला वाटते, गवतात डोकावले की हे सारे दिसणारच! मग तो आपल्या परसात जातो, दहा मिनिटे बसतो, काही दिसत नाही, आणि 'आमच्याकडे निसर्गच नाही' म्हणून घरात परततो. चित्रकर्त्यांचा संयम पडद्यावरून गाळला गेला, तर प्रेक्षकाला तो शिकायचा कुठून?

ही उतावीळ पुढे कुठे नेते त्याचाही दाखला आहे. डिस्नेच्या १९५८ सालच्या 'व्हाइट विल्डरनेस' ह्या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून झुंडीने जीव देताना दाखवले होते. चित्रपटाला ऑस्कर मिळाले. पुढे १९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने उघड केले, की ते प्राणी बाहेरून आणवलेले होते आणि कड्यावरून लोटले गेले होते. लेमिंग सामुदायिक आत्महत्या करतात, ही समजूत मात्र जगभर टिकून आहे.

आपण म्हणू, ती परदेशातली गोष्ट. पण आमच्या भागातल्या एका बागेत शिंपी पक्ष्याने रुंद पानांच्या कडा कोळिष्टकांनी नि कापसाच्या धाग्यांनी टाचून घरटे केले होते. शिंप्याचे सारे संरक्षण त्या शिवणीत असते. बाहेरून पाहणाऱ्याला नुसते पान दिसते. एका हौशी गृहस्थांनी पिल्ले नीट दिसावीत म्हणून शेजारची पाने दोऱ्याने बाजूला बांधली. चित्रफीत उत्तम आली. दीडशे जणांनी वाखाणली. तिसऱ्या दिवशी कावळ्याने घरटे रिकामे केले. त्या चित्रफितीत पिल्लांच्या उघड्या चोची इतक्या सुरेख दिसतात, की पुढचे ठाऊक नसलेला माणूस तिला पहिले बक्षीस देईल. म्हणूनच नुसत्या सौंदर्यावर निकाल देता येत नाही. चित्र कसे मिळवले, हा कलाबाह्य प्रश्न नव्हे. तो त्या चित्राच्या खरेपणाचा भाग आहे.

याच्या उलट सलीम अली पाहा. १९३० साली नोकरी नसताना ते अलिबागजवळ किहीमला राहत होते. तेथे सुगरणींची वसाहत त्यांनी पावसाळाभर आडोशाला बसून पाहिली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर घर मांडते. मग नर ते पुरे करून दुसऱ्या मादीसाठी नवे विणू लागतो. हा सारा संसार त्यांना उलगडला तो केवळ ठिय्या देऊन बसल्यामुळे. एका दिवसाच्या पाहणीत दिसले असते ते फक्त सुबक विणकाम.

आणि बाजार, ट्रक, धूर कापून टाकल्याखेरीज सुंदर चित्र होत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी शौनक सेन ह्यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' पाहावा. २०२२ सालचा हा माहितीपट दिल्लीतल्या दोन भावांचा. मांज्याने जखमी झालेल्या नि विषारी हवेतून कोसळणाऱ्या घारींवर ते घरच्या तळघरात उपचार करतात. चित्रपट उघडतो तो रात्रीच्या उकिरड्यावर. कॅमेरा जमिनीलगत संथ सरकतो आणि उंदीरच उंदीर दिसतात. सनडान्स आणि कान ह्या दोन्ही महोत्सवांत तो गौरवला गेला. त्याचा संथपणा कधी कधी स्वतःवरच खूश झाल्यासारखा वाटतो, हे मी मान्य करीन. पण शहराला दाराबाहेर उभे न करता पक्षी दाखवता येतो, किंबहुना तसाच तो पुरता दिसतो, हे ह्या चित्रपटाने सिद्ध केले. बाजारावर घिरट्या घालणारी आमची घार त्यानंतर मला वेगळी दिसू लागली.

आता ज्या कृतीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. आमच्याच शाळेतल्या आठवीच्या एका मुलीने, वडील तिचे फळबाजारात माथाडी कामगार, गेल्या माघ-फाल्गुनात परसबागेतल्या कढीपत्त्यावर चार मिनिटांची चित्रफीत केली. मोबाइल आईचा, उभा केला विटांच्या चळतीवर. रोज सकाळी तीच जागा, तीच वेळ. प्रथम पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काहीतरी दिसते. ती लिंबाळी फुलपाखराची अळी. शत्रूने तोंड वळवावे म्हणून तिचे हे सोंग. ती कात टाकत वाढते आणि शेवटी हिरवीगार होऊन पानात पान होते. कोणी डिवचले तर ही अळी डोक्यामागून दुभंगलेले लाल शिंग बाहेर काढते नि उग्र वास सोडते. वर्गातला एक मुलगा ते शिंग चित्रात यावे म्हणून काडी घेऊन आला होता. हिने काडी काढून घेतली. चित्रफितीत शिंग नाही! पुढे कोष, आणि एका सकाळी रिकामे टरफल. पाखरू उडताना तिला सापडलेच नाही. त्या वेळी ती वर्गात होती.

सबंध चार मिनिटे मागे टेम्पोचा भोंगा नि पेट्या उतरवणाऱ्यांचा पुकारा ऐकू येतो. हापूसचा हंगाम भरात येतो तसा तो वाढत जातो. तिने तो पुसला नाही. तांत्रिक दोष पुष्कळ : चित्र हलते, दोन दिवस उजेड फार आहे, एके ठिकाणी बोट आले आहे. परंतु 'ऋतुचक्रा'त जो काळ वाहतो तो मला ह्या चित्रफितीत वाहताना दिसला. रिकाम्या टरफलापाशी ती थांबते. न दिसलेले दाखवल्याचा आव आणत नाही. ह्या प्रामाणिकपणापुढे उघड्या चोचींची ती देखणी चित्रफीत मला उणी वाटते.

माझे माप एवढेच : पाहणाऱ्याची वाट चित्रात शिल्लक आहे का, जागा जशी आहे तशी आहे का, आणि ज्याला पाहिले त्याला धक्का न लावता पाहिले का. फराळ आटोपला की घरातल्या मुलांना घेऊन एकदा कुंडीशी बसावे. धोबी एव्हाना आलेच असतील, शिंजीर अजून मळकट वेषात असेल. होळीपर्यंत त्याच्या अंगावर कोणता ठिपका कधी उमटला ते वहीत लिहा, हवे तर टिपाही. तारखेसह पाठवलीत, तर अशा चित्रफितीला अंगठा द्यायला मी आनंदाने तयार आहे.