वाळवीची जातिनिश्चिती आणि पुराव्याचा प्रश्न

दोन वस्तू सारख्या दिसल्या म्हणून त्या एक ठरत नाहीत आणि निराळ्या दिसल्या म्हणून दोन ठरत नाहीत, हे तत्त्व वर्गीकरण करणाऱ्या प्रत्येक शास्त्राला मान्य आहे. प्रत्यक्षात ते पाळणे मात्र कठीण जाते. वाळवीच्या परस्परसदृश जाती ओळखण्यासाठी गेल्या सुमारे चार दशकांत रसायनशास्त्र व जनुकशास्त्र यांचे जे साहाय्य घेण्यात आले, त्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्यातून असा एक समज बळावत चालला आहे की, यंत्राने निर्णय दिला म्हणजे बाह्यरूपाच्या अभ्यासाचे प्रयोजन उरत नाही. या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे. परंतु भाषा कोठे संपते व बोली कोठे सुरू होते हे ठरविताना पुराव्यासंबंधी जे प्रश्न उभे राहतात, तेच येथेही उभे राहतात, म्हणून हे धाडस.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. वाळवीच्या वसाहतीत सर्वाधिक संख्या कामकऱ्यांची असते आणि नमुना गोळा करणाऱ्याच्या हाती बहुधा तेच लागतात. परंतु मृदू शरीराचे व फिकट रंगाचे हे कामकरी निकटच्या जातींत जवळजवळ एकसारखे दिसतात. जाती ओळखण्याची कोष्टके म्हणून सैनिकांच्या किंवा पंखधारी प्रजोत्पादकांच्या लक्षणांवर आधारलेली असतात. सैनिक थोडे असतात; पंखधारी तर वर्षातील ठराविक काळातच बाहेर पडतात. अशा स्थितीत कामकऱ्यावरूनच जात सांगता येईल असे साधन मिळाले, तर त्याचे स्वागत होणे स्वाभाविक होते.

रसायनशास्त्राने ते साधन दिले. कीटकाच्या उपत्वचेवर हायड्रोकार्बनांचा अतिसूक्ष्म थर असतो. तो शरीरातील पाणी राखतो आणि आपल्या वसाहतीतील व परकी व्यक्ती ओळखण्यासही उपयोगी पडतो. हेक्झेनसारख्या विद्रावकात कीटक काही काळ बुडवून हा थर उतरविता येतो व वायु-वर्णलेखनाने त्यातील घटक अलग करता येतात. सरळ साखळीची, मेथिल शाखा असलेली आणि द्विबंध असलेली संयुगे कोणती व किती, यावरून एक रासायनिक ठसा तयार होतो. मात्र या ठशातील सर्व अंगे सारख्या वजनाची नाहीत. एखादे संयुग मुळातच असणे वा नसणे ही एक गोष्ट. त्याचे प्रमाण कमीअधिक असणे ही दुसरी. प्रमाण हे ऋतू, वर्ग व परिस्थिती यांनुसार बदलू शकते. भाषांच्या तुलनेतही उसन्या शब्दांचे साम्य आणि प्रत्ययव्यवस्थेचे साम्य आपण एकाच तागडीत तोलत नाही.

या दृष्टीने उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील झूटर्मॉप्सिस या ओल्या लाकडात राहणाऱ्या प्रजातीचे उदाहरण उद्बोधक आहे. अँगस्टिकॉलिस व नेव्हाडेन्सिस या तिच्या दोन जातींची पूर्वी सतत गल्लत होत असे. १९८८ साली मायकेल हॅव्हर्टी व त्यांचे सहकारी यांनी या प्रजातीच्या हायड्रोकार्बनांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात चार निरनिराळे ठसे आढळले. येथेच थांबून चार जाती जाहीर करणे सोपे होते. परंतु जनुकीय तुलना व बाह्यरूप यांच्याशी हे ठसे ताडून पाहिल्यावर जाती तीनच मानण्यात आल्या, आणि नेव्हाडेन्सिस जातीतील दोन ठशांना उपजातींचे स्थान मिळाले. या दोन उपजातींचा जेथे संकर होतो असा प्रदेशही पुढे अभ्यासिला गेला. ठसे चार, जाती तीन, हा निष्कर्ष विसरता कामा नये.

याहून महत्त्वाची घटना पुढच्याच वर्षी घडली. १९८९ मध्ये बार्बरा थॉर्न व हॅव्हर्टी यांनी उजव्या जंभावरील एका लहानशा उपदंताकडे लक्ष वेधले. त्याच्या आकारावरून व स्थानावरून प्रजोत्पादन न करणाऱ्या व्यक्तींचीही जात ओळखता येते, असे त्यांनी दाखविले. तो उपदंत पूर्वीही तेथेच होता. काय पाहावयाचे हे डोळ्यास कळले नव्हते. रसायनाने नमुन्यांची विभागणी करून दिली आणि मग दृष्टीला लक्षण सापडले. यंत्राने बाह्यरूपाचा अभ्यास संपविला असे म्हणणाऱ्यांस याहून समर्पक उत्तर नाही.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. रेटिक्युलिटर्मिस फ्लॅव्हिपीस ही जात मूळची अमेरिकेतील. पण १८३७ साली कोलार यांनी तिचे वर्णन केले ते व्हिएन्नाजवळच्या शोनब्रुन राजवाड्यातील उष्णगृहांत मिळालेल्या नमुन्यांवरून. १९२४ मध्ये फेतो यांनी फ्रान्समधील वाळवीस सँटोनेन्सिस असे स्वतंत्र नाव दिले. सँतोंज या प्रांतावरून ते आले आहे. पुढे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तुलनेत दोहोंचे निकट साम्य दिसून आले आणि २००५ मध्ये जनुकीय पुराव्याच्या आधारे ही दोन नावे एकाच जातीची असल्याचे मांडण्यात आले. सुमारे ऐंशी वर्षे एकच प्राणी दोन नावांनी वावरत होता. एका नावाखाली जमा झालेले ज्ञान दुसऱ्या नावाच्या अभ्यासकास परके वाटावे, आणि समुद्रापलीकडून आलेला कीटक त्या प्रांताचा मूळ रहिवासी समजला जावा, हे चुकीच्या नावाचे मोल होय. नाव ही केवळ चिठ्ठी नसते. पुढचे संशोधन तिच्यावर विसंबून चालते.

जनुकीय पुरावाही निरपवाद मानण्याचे कारण नाही. या कामी वारंवार वापरला जाणारा मायटोकॉन्ड्रियातील डीएनए सामान्यतः मातेकडूनच संततीकडे जातो. तो एका वंशरेषेचा इतिहास सांगतो. संकर झाला असल्यास पित्याच्या बाजूची साक्ष त्यात उमटत नाही. एका शब्दाचा इतिहास म्हणजे संपूर्ण भाषेचा इतिहास नव्हे, हे आपल्या विद्यार्थ्यांस सांगावे लागते, तसेच हे आहे. म्हणून केंद्रकातील जनुकांची जोड आवश्यक ठरते. अमुक टक्के भेद म्हणजे निराळी जात, असा सरसकट नियम तर अधिकच संशयास्पद आहे. भेदाचा आकडा ही मोजणी आहे. जात हा त्या मोजणीवरून काढावयाचा निर्णय आहे.

बोलींच्या नकाशावर एका लक्षणाची रेषा ओढून सीमा सिद्ध होत नाही. परस्परांपासून स्वतंत्र अशा अनेक रेषा एकत्र येतात तेव्हाच ती मान्य करावी लागते. वाळवीच्या बाबतीतही रसायन, जनुक, बाह्यरूप व प्रदेश यांची साक्ष जुळते तेथे निर्णय भक्कम असतो. ती जुळत नाही तेथे घाईने नवे नाव देण्यापेक्षा विसंगतीचे कारण शोधणे अधिक फलदायी होय. आपल्याकडील ओडोन्टोटर्मिस प्रजातीच्या अनेक जाती सैनिकाच्या डोक्याच्या व जंभांच्या मापांवरून वेगळ्या मानल्या जातात. त्यांच्या फेरतपासणीस हात घालणाऱ्याने नवी साधने अवश्य घ्यावीत. परंतु ज्या नमुन्याचा डीएनए काढला त्याच वसाहतीतील सैनिक जपून ठेवावा. निर्णयाविषयी उद्या शंका निघाली, तर तो पुन्हा पाहता आला पाहिजे.