प्रवाळाचे ‘रोप’ : एका शब्दयोजनेची चिकित्सा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाखाली गाळणीची एक टाकी असते. तीत दिव्याची सोय करून प्रवाळाचे तुकडे वाढविता येतात. या क्रियेचे मराठीत वर्णन करताना ‘रोप’, ‘रोपण’, ‘रुजणे’ हे शब्द सहज लेखणीवर येतात. त्यांची योग्यता तपासणे अगत्याचे आहे.

या शब्दांमागील कल्पना जुनी आहे. संस्कृतात ‘प्रवाल’ म्हणजे कोवळा अंकुर आणि पोवळेही. ‘विद्रुम’ या पर्यायात तर ‘द्रुम’ उघड दिसतो. प्राकृत ‘पवाल’मधून आलेले ‘पोवळे’ मराठीत मुख्यत्वे रत्नवाचक राहिले. प्रवाळ हा प्राणी होय, हे पेसोनेल याने अठराव्या शतकात दाखविले. भाषेतील वनस्पती मात्र तशीच राहिली.

वेल्हे परिसरातील पासलीसारख्या भातपिकाच्या गावात रोप म्हणजे काय, हे कोणासही सांगावे लागत नाही. ते बियाण्यातून उगवते, उपटून चिखलात लावले जाते आणि मूळ धरते. प्रवाळाचा तुकडा यांपैकी काहीच करीत नाही. तो मूळ वसाहतीचाच अंश असतो. आधाराला चिकटून तो आपली ऊती त्यावर पसरवितो. त्याचे खरे साम्य उसाच्या कांडीशी आहे. कांडीपासून झालेला ऊस मूळ उसाचीच प्रत असतो, तुकड्याचेही तसेच. म्हणून ‘रोप’ सोडून ‘कांडी’ किंवा ‘छाट’ म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

तथापि हे साम्यही मर्यादित आहे. प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवल वसते. त्यासाठी प्रकाश लागतो. सांगाड्यासाठी पाण्यातील कॅल्शियम लागते. गाळणटाकीत माशांचा उपद्रव नसतो आणि पाणी वरच्या टाकीचेच असते. परंतु बाष्पीभवनाने घटणारी पातळी पंपाच्या कप्प्यात प्रथम उतरते. तेथे ठेवलेली कांडी उघडी पडून मरते. या टाकीला ‘संप’ म्हणण्याचाही प्रघात आहे. मराठी वाचकास त्या शब्दाने प्रथम कामगार आठवतात. ‘गाळणटाकी’ हा शब्द निःसंदिग्ध आहे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. २०२० साली मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी व हाजी अली येथील १८ प्रवाळ वसाहती हलविण्यात आल्या. त्यास ‘रोपण’ म्हटल्यास नवे काही निर्माण झाल्याचा भास होतो. वस्तुतः ते ‘स्थलांतर’ होते, आणि वसाहतींची संख्या त्याने वाढत नाही. उलट, एका वसाहतीच्या शंभर कांड्या केल्या तरी संख्याच वाढते, आनुवंशिक वैविध्य नव्हे. शिवाय खडकनिर्माते प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. भाताचे रोप कोणीही उपटावे. समुद्रातील प्रवाळाची कांडी तशी तोडता येत नाही. ‘रोप’ हा शब्द नेमका हाच भेद पुसून टाकतो.

सारांश, हलविणे ते स्थलांतर, तोडून वाढविणे ती छाट, आणि लैंगिक प्रजननातून येते ती नवी पिढी. या तीन क्रियांना तीन शब्द दिल्याशिवाय प्रवाळसंवर्धनाचे मूल्यमापन मराठीत नीट होणार नाही.