शंभर दिवस गोठवलेली किडनी: मथळा सोडा, पेपर वाचा

पेटचा इंटरव्ह्यू जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो: अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा. आणि एक चूकही हमखास होते. आपण पेपर सांगत नाही, पेपरवरची बातमी सांगतो. माझं स्वतःचं हेच झालं होतं, म्हणून आज तोच पेपर घेऊया.

जून २०२३, 'नेचर कम्युनिकेशन्स'. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉन बिशॉफ आणि एरिक फिंगर यांच्या गटाने रॅटच्या (म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराच्या) किडन्या उणे १५० अंश सेल्सिअसला नेल्या, १०० दिवसांपर्यंत ठेवल्या, पुन्हा गरम केल्या आणि दुसऱ्या रॅटमध्ये बसवल्या. त्या चालल्या. बातम्यांत सगळीकडे एकच आकडा फिरला: शंभर दिवस. आमच्या जर्नल क्लबमध्ये मीसुद्धा तो लाल अक्षरांत स्लाइडवर टाकला. मागे बसलेल्या एका सीनियरने शांतपणे विचारलं, "शंभरच्या जागी दोनशे दिवस ठेवली असती तर काय बिघडलं असतं?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर आहे, बहुधा काहीच नाही. इथे पाण्याचा बर्फ होत नाही. गोठणरोधक द्रव्य भरलेली किडनी इतक्या झपाट्याने थंड केली जाते की रेणूंना स्फटिकात रचून बसायला वेळच मिळत नाही, ते होते तिथेच थिजतात. यालाच व्हिट्रिफिकेशन म्हणतात, साध्या भाषेत काच होणं. एकदा काच झाली की रेणू हलत नाहीत, त्यामुळे रासायनिक क्रियाही जवळजवळ थांबतात. म्हणजे शंभर दिवस हा या पेपरमधला सगळ्यात सोपा भाग आहे! वापराच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहेच. आज प्रत्यारोपणासाठी काढलेली किडनी बर्फाच्या पेटीत साधारण दीड दिवस टिकते, हृदय चार-सहा तास. पुण्या-मुंबईत ग्रीन कॉरिडॉर करून रुग्णवाहिका पळवाव्या लागतात त्या याचमुळे. पण वैज्ञानिक अडचण साठवण्यात नव्हतीच.

अडचण होती गरम करण्यात. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण तो उलटा वाटतो.

बर्फाचा स्फटिक दोन टप्प्यांत होतो. आधी बारीक बीज तयार होतं, मग ते वाढतं. बीज जास्त करून खूप कमी तापमानाला तयार होतं, वाढ मात्र त्याहून वरच्या तापमानाला जोरात होते. थंड करताना आपण आधी वाढीच्या पट्ट्यातून जातो, तेव्हा वाढायला फारशी बीजं नसतात. मग बीजांच्या पट्ट्यात येतो, तिथे ती तयार होतात पण वाढू शकत नाहीत. गरम करताना क्रम उलटतो: आधी आणखी बीजं, आणि लगेच वाढीचा पट्टा. म्हणून गरम करण्याचा वेग थंड करण्याच्या वेगापेक्षा कितीतरी पट जास्त लागतो. सेल कल्चर केलेल्यांना 'हळू गोठवा, पटकन वितळवा' हा नियम पाठ असतो. तिथे काच नसते, पेशीबाहेर बर्फ होऊ दिलेला असतो, पण परतीच्या वाटेवर रेंगाळायचं नाही हे तिथेही खरंच. (मी एकदा नळी बाहेर काढून फोनवर बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये बघवत नव्हतं.)

छोटी नळी ३७ अंशांच्या पाण्यात फिरवता येते. अख्ख्या अवयवाचं तसं केलं तर बाहेरचा भाग गरम आणि आतला अजून काचच, मग तडा जातो. गार ग्लासात उकळता चहा ओतल्यासारखं. या गटाने रक्तवाहिन्यांमधून लोह-ऑक्साइडचे नॅनोकण आत सोडले आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते तापवले. उष्णता आतूनच, सगळीकडे एकदम. नंतर कण धुऊन काढले. पेपरचं खरं कर्तृत्व हे आहे.

दुसरी दाद द्यायची ती प्रयोगाच्या आखणीला. ज्या रॅटमध्ये किडनी बसवली, त्याच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या काढल्या होत्या. लपायला जागाच नाही. किडनी चालली नाही तर प्राणी मरणार. या क्षेत्रात 'पेशी जिवंत दिसल्या', 'ऊतीची रचना टिकली' असे दावे भरपूर असतात. ते खोटे नसतात, पण दिसणं आणि काम करणं यात फार अंतर आहे.

आता खटकणारं. प्राणी पाच. पाचही ३० दिवस जगले, हे उत्तमच, पण सगळे नर. पहिले दोन-तीन आठवडे किडनी पूर्ण क्षमतेने चालत नव्हती, नंतर सावरली. म्हणजे 'पूर्ण कार्य परत आलं' हे विधान शेवटच्या थोड्या दिवसांवर उभं आहे. हळूहळू होणारी हानी एवढ्यात दिसत नाही. मात्र तुलना करताना न्यायानेच करा. २००९ मध्ये ग्रेग फेही यांच्या गटाने सशाची किडनी अशीच काच करून परत बसवली होती. एकच ससा, ४८ व्या दिवशी तपासणीसाठी मारलेला. एकावरून पाचावर येणं ही लहान गोष्ट नाही. एका प्राण्यात जमलं तर तो योगायोग असू शकतो, पाचात जमलं तर ती पद्धत ठरते.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो पेपरपेक्षा त्याच्या वाचनावर जास्त आहे. 'आता माणसाची किडनी' असं जे लिहिलं गेलं, त्यात थंड करण्याचं गणित कुणी केलंच नाही. कागद घ्या. माणसाची किडनी रॅटच्या किडनीपेक्षा वजनाने ढोबळमानाने शंभरपट. म्हणजे लांबी सुमारे साडेचारपट. उष्णता आतून बाहेर यायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वीसेक पट. नॅनोकणांनी गरम करणं आकारावर फारसं अवलंबून नाही, पण थंड करणं अजूनही बाहेरूनच होतं. सावकाश थंड करायचं तर बर्फ टाळायला गोठणरोधक जास्त घालावं लागतं, आणि ते जास्त झालं की विषारी ठरतं. एक गाठ सोडवली की दुसरी घट्ट होते. लेखकांना हे ठाऊक आहे. सारांशाच्या शेवटच्या वाक्यात त्यांनी 'कदाचित एक दिवस' अशीच जपून भाषा वापरली आहे. बातमीत नेमकं तेवढंच गळालं.

इंटरव्ह्यूत पुढचा प्रश्न बहुतेक असा येईल: तुम्ही यानंतर काय कराल? मी आज सांगेन, आधी मादी प्राण्यांवर हाच प्रयोग, निरीक्षण निदान सहा महिने. आणि त्याच्या जोडीला डुकराची किडनी, आत अगदी मधोमध तापमापक घालून, प्रत्यारोपण न करता. फक्त थंड होताना मधला भाग काच होतोय की बर्फ, एवढंच बघायला.