नाद कुणाच्या नावावर?

रॉक संगीताच्या दुनियेत गिटारीवर वादकाची सही असणे ही प्रतिष्ठेची खूण मानली जाते. कंपनी एखाद्या गाजलेल्या वादकाशी करार करते, त्याच्या पसंतीचे लाकूड, दांडीची जाडी, पिकअप यांची जुळणी ठरते आणि त्याच्या नावाचे मॉडेल बाजारात येते. घेणारा पैसे मोजतो ते वाद्याचे, पण मनात त्याला हवा असतो तो त्या वादकाचा ‘टोन’. आपल्याकडे संगीतशास्त्राच्या पुस्तकांत याला नादाची जात म्हणतात. पट्टी तीच, स्वर तोच, तरी दोन वाद्ये वेगळी ओळखू येतात ती या गुणामुळे. मैफलीत मात्र कुणी असे बोलत नाही. तिथे ‘तंबोरा छान बोलतोय’ एवढेच म्हणतात.

हा नाद शेवटी कुणाच्या नावावर लागतो? जमिनीचा सातबारा असतो, बंदिशीला रचनाकार असतो, गायकीला घराणे असते. नादाला कोण असतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना गिटारीपासून निघून सातारा-सांगलीकडे यावे लागते, कारण नादाच्या शोधाचे दोन मोठे प्रयत्न याच परिसरात झाले आणि त्यांच्या वाटा परस्परविरुद्ध होत्या.

आधी गिटारीचे पाहू. गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल या वादकाच्या नावाने भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार काढली. सहीच्या वाद्यांत आजही सर्वांत ठळक नाव हेच. पण खप घटल्यावर १९६१ मध्ये कंपनीने तिचा आकार पार बदलला. नवा आकार खुद्द लेस पॉल यांना रुचला नाही आणि पुढे त्यावरून त्यांचे नाव उतरले. जुन्या आकाराची गिटार बाजारातून गेलेली असतानाच, १९६६ मध्ये, एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या बँडबरोबर एक ध्वनिमुद्रिका केली. हातात वापरलेली जुनी लेस पॉल आणि समोर मोठ्या आवाजावर ठेवलेला मार्शल अँप्लिफायर, यांतून जो जाड, ताणलेला, लांब टिकणारा नाद निघाला, त्याने तरुण वादकांना वेड लावले. मागणी वाढली, आणि १९६८ मध्ये कंपनीने जुना आकार परत आणला. म्हणजे वाद्यावर नाव एकाचे, त्याचा नाद जगाला ऐकवला दुसऱ्याने, आणि अर्धे काम केले तिसऱ्याच कंपनीच्या अँप्लिफायरने.

याच क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही गिटार म्हणजे जुन्या तीन स्ट्रॅटोकास्टर उसवून, त्यांचे चांगले चांगले भाग एकत्र जोडून केलेले वाद्य होते. २००४ च्या लिलावात ती साडेनऊ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. दोनच वर्षांनी फेंडर कंपनीने तिच्या २७५ हुबेहूब प्रती काढल्या, झिजलेल्या रंगासकट. वादकाने गरजेपोटी जुळवाजुळव करून जे साधले, त्याची झीजसुद्धा विकाऊ झाली. त्या प्रती वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. पण झीज ही वापराने येते आणि वापर ज्याचा त्याचा असतो, ही साधी गोष्ट सहीच्या बाजारात हरवते.

आता सांगलीकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कृष्णाजी बल्लाळ देवल या सांगलीच्या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडायला घेतला. १९१० मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. सातारा जिल्ह्यात न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि १९१३ मध्ये त्यांनीही भारतीय संगीतावर ग्रंथ लिहिला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ या दोघांना लाभली. खाँसाहेब गात आणि हे दोघे स्वरांची कंपने मोजत. त्या मापांवरून देवलांनी इंग्लंडमधल्या मूर यांच्याकडून श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली. बारा स्वरांच्या पेटीत न मावणाऱ्या श्रुती तिच्यात बसवलेल्या होत्या.

१९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही पेटी आणि तिच्यामागचा सिद्धान्त चर्चेला आले. भातखंड्यांचा त्याला विरोध होता आणि जमलेल्या जाणकारांनाही पेटीतल्या श्रुती पटल्या नाहीत. देवल-क्लेमेंट्स यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दोघांनी नोकरीधंद्यापलीकडचा वेळ आणि पैसा या कामात घातला. अडचण होती ती त्यांच्या गृहीतकात. खाँसाहेबांचा स्वर एकदा मोजून पितळेच्या पट्टीत बसवला की तो तिथे कायम राहील, असे त्यांनी मानले. पण गळ्यातली श्रुती रागागणिक आणि मागच्या-पुढच्या स्वरागणिक हलते. मापलेला स्वर हा त्या दिवशीच्या, त्या रागातल्या, त्या जागेचा होता. सहीच्या गिटारीची चूक आणि श्रुती-हार्मोनियमची चूक एकाच जातीची आहे. दोन्हीकडे एका माणसाने एका क्षणी साधलेला नाद वस्तूत बंद करून दुसऱ्याच्या हाती देता येतो, असा विश्वास आहे.

दुसरा प्रयत्न सांगलीहून दोन-अडीच कोसांवर, मिरजेत, त्याच्याही अर्धशतकाआधी सुरू झालेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर संस्थानी फौजा मोडीत निघाल्या आणि तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचे काम आटले. मिरजेच्या पटवर्धनांच्या दरबारात गवई येत, त्यांची वाद्ये नादुरुस्त होत. शिकलगार कुटुंबातल्या फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या भावांनी ती दुरुस्त करता करता नवी बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या वंशजांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. गिटारीवर वादकाचे नाव लागते; मिरजेत वाद्याचे नाव माणसांना लागले.

या वाद्याचा भोपळा मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो, दांडी आणि तबली तुनाच्या किंवा तत्सम हलक्या लाकडाची असते. पण नादाचा निकाल लागतो तो बोटभर उंचीच्या घोडीवर. घोडीचा माथा सपाट दिसतो, प्रत्यक्षात त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते आणि तिच्यातून मूळ स्वराबरोबर वरचे स्वरांशही मोकळे होतात. हा उतार कानशीने घासून साधणे म्हणजे जवारी काढणे. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून नाद खुलेल ती जागा शोधायची. षड्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो तो याच करामतीने, म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

सी. व्ही. रामन यांना १९२१ च्या सुमारास या घोडीने चकित केले होते. नियम असा की तारेवर एखाद्या स्वरांशाचा स्थिर बिंदू जिथे असतो, नेमकी तिथेच तार छेडली तर तो स्वरांश उमटू नये. तंबोरा आणि वीणा यांच्यावर तो नियम पाळला जात नाही, मुका राहायला हवा तो स्वरांश स्पष्ट ऐकू येतो, असे त्यांनी प्रयोगाने दाखवले. मिरजेच्या कारागिरांना हा नियम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना तो मोडायचा कसा, हे हाताने ठाऊक होते.

गेल्या पावसाळ्यानंतर घरचा जुना तंबोरा घेऊन मी मिरजेला गेले. वर्षानुवर्षांच्या तारांनी घोडीवर खाचा पाडल्या होत्या आणि नाद बसल्यासारखा येत होता. दुकानातल्या चाचांनी वाद्य मांडीवर घेण्याआधी विचारले, “गातंय कोण?” मी म्हटले, “मुलगी. काळी चार.” “आवाज पातळ आहे का भरीव?” मला चटकन सांगता येईना. “मग तिला आणायचं की हो,” ते म्हणाले, “मी जवारी कुणाच्या आवाजाला काढू?” शेवटी मुलीला फोन लावला आणि तिने चार ओळी गायल्या. फोनवरून नीट कळत नाही म्हणत त्यांनी काम सुरू केले. दोनदा घासले, तीनदा तार चढवून ऐकले, दोरा केसभर मागे-पुढे केला. निघताना म्हणाले, “आता थोडी बंदच ठेवलीय. तिचा आवाज पक्का झाला की परत या, खुली करू.”

हे बोलणे मला अनेक ग्रंथांपेक्षा मोलाचे वाटले, कारण त्यात नादाची एक वेगळीच कल्पना आहे. नाद आधी तयार असून गिऱ्हाइकाने तो विकत न्यायचा, असे तिथे नाही. गाणाऱ्याचा गळा आणि कारागिराचा कान यांच्यात तो ठरतो, झिजतो, आणि पुन्हा ठरवावा लागतो. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते, त्यांची कबरही तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. वाद्यांची दुरुस्ती आणि जवारी ते स्वतः करत, अशी त्यांची ख्याती होती. देवलांच्या मोजणीला गळा देणारा हा गवई स्वतःच्या तंबोऱ्यापुरता कानशीवर विसंबत होता, यातच दोन वाटांमधला फरक दिसतो.

‘टोन बोटांत असतो, वाद्यात नाही’ हे वादकांमधले आवडते सूत्र आहे. क्लॅप्टन कोणत्याही गिटारीवर क्लॅप्टनसारखाच वाजेल, हे बऱ्याच अंशी खरेही आहे. पण तंबोऱ्याच्या बाबतीत हे सूत्र अपुरे पडते. त्याच्यावर वाजवण्याची करामत फारशी नसतेच. चार तारा क्रमाने छेडायच्या. तिथे जे ऐकू येते ते बहुतांशी कारागिराचे काम असते. किराणा गायकीतला संथ, एकेका स्वराला चिकटून राहणारा विस्तार ज्या भरलेल्या षड्जावर उभा असतो, तो षड्ज कुणीतरी कानशीने घासून दिलेला असतो. आपण घराण्यांचे इतिहास लिहिले, गुरुशिष्यांच्या वंशावळी छापल्या, एकेका मैफलीची वर्णने केली. त्या मैफलींतल्या तंबोऱ्यांची जवारी कुणी काढली, हे मात्र मराठी संगीतसमीक्षेने क्वचितच नोंदवले.

सतारीच्या बाबतीत थोडी वेगळी परिस्थिती दिसते. कोलकात्याचे नोदू मल्लिक आणि रविशंकर, किंवा हिरेन रॉय आणि विलायत खाँ या जोड्या जाणकारांना माहीत असतात. रविशंकरांची खरजाच्या तारांसह खुल्या जवारीची सतार, विलायत खाँची गायकी अंगाला साजेशी बंद जवारीची सतार, असे दोन नमुने रूढ झाले आणि मिरजेतही गिऱ्हाईक दोन्ही मागते. हा आपल्याकडचा सहीचा बाजारच म्हणायचा. पाश्चात्त्यांनाही या जवारीची भूल पडली होती. १९६७ मध्ये अमेरिकेत कोरल नावाने इलेक्ट्रिक सतार निघाली. गिटारीच्याच बांधणीवर रुंद, चपटी घोडी बसवून तार झणझणवायची, अशी तिची युक्ती होती. झणझणाट मिळाला, पण गाणाऱ्याला विचारून घासलेला उतार तिच्यात कुठून येणार?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही उशिरा मिळालेली, पण न्याय्य गोष्ट आहे. दुसऱ्या गावच्या मालावर ‘मिरज’ लिहिणाऱ्यांना त्याने आळा बसेल. तरीही मानांकन गावाचे नाव राखते, जवारी राखत नाही. ती राखायला दहा-पंधरा वर्षे कान तयार करणारी मुले लागतात, आणि त्या वर्षांत त्यांचे घर चालावे लागते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ च्या सुमारास आला, आता मोबाइलमध्ये तंबोरा असतो. रियाजाला त्याचा उपयोग मी नाकारत नाही. आमच्या घरीही तो वाजतो. अनेक अॅपमधला नाद खऱ्या तंबोऱ्यावरूनच मुद्रित केलेला असतो. तो तंबोरा कुणी बांधला, त्या दिवशी जवारी कुणी लावली, हे तिथे सहसा लिहिलेले नसते. फुकट मिळालेल्या नादाला मालक नाही असे आपण धरून चालतो.

कारागिराचे नाव लिहिण्याचा आग्रह धरला तर त्याचीही एक नवी सही होईल, नवा बाजार उभा राहील, अशी शंका काही जण काढतील. ती खोटी नाही. कोलकात्याच्या काही नावांचे तसे झालेच. पण नाव नोंदवणे आणि नाव विकणे यांत फरक करता येतो. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तबलजीचे नाव एकेकाळी नसे, पुढे छापले जाऊ लागले. त्याने तबल्याचे नुकसान झाले नाही. तसेच तंबोऱ्याचे व्हावे. मैफलीच्या पत्रिकेत, ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत, चरित्रात एक ओळ असावी: तंबोरा अमक्याचा, जवारी अमक्याची. समीक्षकाने ऐकताना ती ओळ गृहीत न धरता तपासावी. आजचा नाद खुला होता की बंद, गाणाऱ्याला तो साथ देत होता की झाकत होता, हेही मैफलीच्या परीक्षणात यावे.

घरी आणलेला तंबोरा सध्या छान बोलतो. मुलगी रोज पहाटे त्यावर बसते. तिचा आवाज पक्का व्हायला अजून वेळ आहे. तोवर घोडीवर नव्या खाचा पडतील आणि परत मिरजेला जावे लागेल. त्या वेळी चाचा असतील, किंवा त्यांच्या हाताखाली शिकलेला कुणी. तो पहिल्यांदा काय विचारेल, ते मला ठाऊक आहे. विचारणारा कुणी असायला मात्र हवा.