बूट जागेवर

एक बाई मरणाच्या दारात आहे आणि नवऱ्याला शेवटचं सांगते आहे ते बुटांबद्दल. पायातले काढून जागेवर ठेवायचे, विसरायचं नाही. संसारातली जुनी तक्रार. तो कबूल करतो आणि ती जाते. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही ताऱ्यांमधून भरधाव जाणाऱ्या यानाची मालिका. तिच्या १७८ भागांत इतकं घरगुती मरण दुसरं नाही. ‘द इनर लाइट’ हा भाग मी जितक्यांदा पाहिला, तितक्यांदा या बुटांपाशी माझा गळा दाटून आला आहे.

हा भाग १९९२ च्या जूनमध्ये अमेरिकेत दाखवला गेला. कल्पना मॉर्गन जेंडेल यांची, पटकथा त्यांची आणि पीटर ॲलन फील्ड्स यांची, दिग्दर्शन पीटर लॉरिट्सन यांचं. गोष्ट थोडक्यात अशी : मालिकेतल्या ‘एंटरप्राइझ’ या यानाला वाटेत एक जुनं, निर्मनुष्य यान दिसतं. त्यातून आलेला किरण कॅप्टन पिकार्डला भेदतो आणि तो कोसळतो. डोळे उघडतो तेव्हा तो कटान नावाच्या ग्रहावर, रेसिक गावात आहे. लोक त्याला कामिन म्हणतात. एलीन नावाची बायको सांगते, तुम्ही तापात होता, काहीतरी भलतंच बरळत होता.

पुढे काय होतं, ते सांगण्यापेक्षा ते कसं होतं हे पाहण्यासारखं आहे. दुसरा कुठलाही लेखक नायकाला सुटकेच्या मागे लावेल. इथे काळ पुढे सरकतो आणि दृश्य उघडतं ते थेट पाच वर्षांनंतर. पिकार्ड अजून आकाश न्याहाळतो, नकाशे काढतो, आपलं यान शोधतो. एलीन रागावत नाही. एवढंच विचारते की तुमचं ते दुसरं आयुष्य इतकं खरं होतं का, की या आयुष्यात तुम्हाला मूलही नको? या प्रश्नानंतर तो हळूहळू शोध सोडतो. त्याने तो कधी सोडला, ते दाखवणारा क्षण भागात नाही. माणूस एखाद्या गावाचा होतो तो असाच, तारीख न पडता.

पिकार्ड कोण, हे माहीत असलेल्याला यातली खोली जास्त जाणवते. हा एकटा माणूस आहे, मुलांसमोर अवघडणारा. त्याची भूमिका करणारे पॅट्रिक स्टुअर्ट रॉयल शेक्सपिअर कंपनीत घडलेले नट. म्हातारपणाचा रंग चढवल्यावर ते फक्त वाकून चालत नाहीत, त्यांचा आवाज सैल होतो, हुकूम देण्याची धार जाते. कामिनच्या मुलाच्या भूमिकेत त्यांचाच मुलगा डॅनियल आहे. ते कळल्यावर बापलेकांची दृश्यं पुन्हा पाहावीशी वाटतात.

गावात दुष्काळ आहे. चौकातल्या एका रोपाला लोक हट्टाने पाणी घालून जगवतात. आपल्याकडे टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही. मुलगी मेरिबोर मातीचे नमुने तपासते आणि बापाला आधीच ठाऊक असलेल्या निष्कर्षाला येते : दुष्काळ सरणार नाही, ग्रहच मरतो आहे. सरकारला हे कळलेलं असतं, पण लोकांना सांगितलेलं नसतं. हा भाग दाखवला त्याच आठवड्यात, ३ जूनला, रिओची वसुंधरा परिषद सुरू झाली. योगायोगच, पण त्या वेळची हवा त्यातून कळते. मोठं भय लोकांपर्यंत किती वेळा अहवालाआधी गोष्टीतून पोचतं!

म्हातारा कामिन नातवंडासह एक उड्डाण पाहायला जातो, तेव्हा उलगडा होतो. गेलेली माणसं तरुण होऊन समोर येतात. आपण कोण होतो, हे कोणाला तरी सांगता यावं म्हणून या लोकांनी ते जुनं यान सोडलं होतं. त्यांना भेटलेला ‘कोणीतरी’ म्हणजे पिकार्ड. तो जागा होतो. ‘एंटरप्राइझ’वर २५ मिनिटं झालेली असतात. कटान नष्ट होऊन हजार वर्षं लोटलेली असतात.

आपल्याला इथे नारद आठवणारच. मायेचं रूप दाखव म्हणाला, पाणी आणायला गेला, लग्न, मुलं, पूर, आक्रोश. आणि मागून देवाचा आवाज, पाणी कुठे आहे? योगवासिष्ठातला लवण राजाही असाच क्षणभरात एक अख्खं आयुष्य भोगून येतो. सांगाडा तोच, पण रोख उलटा. नारदाचा संसार वाहून जातो तो सोडून देण्यासाठी. पिकार्डचा संसार वाहून जातो आणि तो त्याला जपायचा आहे, कारण त्या माणसांना आठवणारा दुसरा कोणी उरलेला नाही. जो संसार आपल्या कथांनी भ्रम ठरवला, तो इथे साक्ष होतो. मला ही कल्पना फार मोठी वाटते, आणि ती एका साप्ताहिक मालिकेला सुचली याचा आनंदही होतो.

कारण त्या काळच्या मालिकांचा एक अलिखित करार होता : भाग संपला की सगळं पूर्ववत. जखमा भरलेल्या, प्रेमं विसरलेली, पुढच्या आठवड्याला पाटी कोरी. ‘द इनर लाइट’ हा करार पाळतो. कटान पुसला जातो, कॅप्टन आपल्या यानावर परत येतो. फक्त एक वस्तू मागे राहते. कामिन जी बासरी आधी बेसूर, मग मुलाच्या बारशाला नीट वाजवायला शिकला, ती त्या जुन्या यानात सापडते. पुढच्या वर्षी ‘लेसन्स’ या भागात ती पुन्हा वाजली. प्रेक्षकांनी तर ती कधी सोडलीच नाही. २००६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ४८,००० डॉलरला विकली गेली, आणि चित्रीकरणातली ती बासरी मुळात वाजतच नाही. लोकप्रिय संस्कृतीला उथळ म्हणणाऱ्यांनी या मुक्या बासरीपाशी थोडं थांबावं. त्या किमतीत कोणाच्या तरी घरातला एक संध्याकाळचा पाऊण तास होता.

भागाचं नावही बासरीपर्यंत येतं. जेंडेल यांनी ते बीटल्सच्या एका गाण्यावरून घेतलं. जॉर्ज हॅरिसन यांनी ‘ताओ ते चिंग’वर बेतलेल्या त्या गाण्याचं संगीत जानेवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, भारतीय वादकांकडून वाजवून घेतलं होतं, आणि त्यात बासरी आहे. उंबरठा न ओलांडताही जग कळतं, असा त्याचा आशय. खोलीबाहेर न पडता एक आयुष्य जगून आलेल्या माणसाला याहून जवळचं नाव मिळालं नसतं.

शेवटच्या दृश्यात पिकार्डचा सहकारी रायकर बासरीची पेटी देऊन निघून जातो. पिकार्ड ती उघडतो आणि बासरी छातीशी धरतो. मग खिडकीशी उभा राहून वाजवू लागतो. संगीतकार जे चॅटवे यांची ती साधी चाल संथपणे उमटते. बोटांना सगळं आठवतं आहे. खिडकीबाहेर तारे आहेत, आणि त्यांतला कुठलाच कटानचा नाही.